दोन गाळ्यांचा एक ओटा

आजच्या निरोप समारंभाचे माननीय अध्यक्ष; आपले सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे किल्लीकाका म्हणतो आणि ज्यांचं खरं नाव निमंत्रणावर वाचून निम्म्या लोकांनी "हे कोण बुवा?" असं विचारलं, त्यांच्या शेजारी बसलेल्या आदरणीय काकू, वसाहतीच्या मालकांकडून आलेले पाहुणे, आणि आपापली शटरं ओढून, कामगारांना लवकर सोडून इथे जमलेल्या माझ्या गाळेधारक बंधुभगिनींनो,

सर्वांना मनापासून नमस्कार.

अध्यक्षांना आधी संबोधायचं, ही सभेची रीत. आपल्या संघाचे अध्यक्ष माझे सख्खे थोरले बंधू आहेत आणि आमचं बोलणं सात-आठ वर्षं बंद आहे, हे या सभागृहात कोणाला वेगळं सांगायला नको. सचिवांनी मला भाषणाला उभं केलं तेव्हा ही अडचण त्यांच्या ध्यानात आली नसेल, किंवा आली म्हणूनच उभं केलं असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून काही थांग लागत नाही. असो. संबोधून झालं.

तर आपले काका. शहराच्या वेशीबाहेरच्या या वसाहतीतले छोटे गाळे आणि गोदामं भाड्याने देणं, हे त्यांचं काम. आता मला सांगा, भाड्याने देणारा माणूस आपल्या जागेचं कौतुक करील की नाही? काका आधी खोड सांगायचे. इथे दुपारी पत्रा तापतो, डोकं उठेल. तिथे पावसात कोपरा गळतो, माल फळीवर ठेवावा लागेल. या गृहस्थाने मालकांचा पगार खायचा आणि मालकांचंच नुकसान करायचं, असं लोकांना वाटे. पाहुण्यांनी हसू नये, आपल्यालाही तसंच वाटत होतं हे आमच्या कानावर आहे. पण एकदा घेतलेला गाळा सहसा कोणी सोडत नसे. नंतर कळावं असं वाईट काही शिल्लकच ठेवलेलं नसायचं.

दुसरं म्हणजे शेजार. साबणवाल्या ताई समोरच बसल्या आहेत. त्यांना घाई होती आणि रिकामा गाळा होता तो रंगवाल्यांच्या बाजूला. काकांनी दिला नाही. "तुमच्या साबणाला रंगाचा वास लागला, तर गिऱ्हाईक अंग धुवायचं सोडून तुम्हालाच धुऊन काढेल," असं म्हणाले. ताईंनी तेव्हा त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते आज प्रांजळपणे सांगितलं तर बरं होईल. नको? बरं, राहिलं.

आता आमचं सांगतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आमच्या वडिलांचा. ते गेल्यावर आम्हा भावांचं बिनसलं. कशावरून, ते सांगायला लाज वाटते. एका मशीनवरून. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं, भांडण मात्र व्यवस्थित चालू राहिलं. आम्ही दोघं काकांकडे गेलो आणि म्हणालो, गाळ्याच्या मध्ये भिंत घाला, भाडेकरार वेगळे करा आणि माल चढवायचा ओटाही दोन करा. काकांनी भिंत घातली, करार वेगळे केले. ओट्याला मात्र हात लावला नाही. "ट्रक काही तुमच्या भांडणाच्या मापाचे येत नाहीत," असं म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत निघून गेले.

ओटा एकच, म्हणजे एका वेळी एकाचाच ट्रक लागणार. इथे जमलेल्यांना ठाऊक आहे, पाहुण्यांसाठी सांगतो: शहरात सकाळी मोठ्या गाड्यांना बंदी लागते. त्याआधी ट्रक निघाला तर माल शहरात पोचतो, नाहीतर तो नाक्यावर दुपारपर्यंत उभा. त्यामुळे सकाळी ओटा ज्याचा, शहरातलं गिऱ्हाईक त्याचं. मी काकांकडे जाऊन पुष्कळ आरडाओरडा केला होता. दोन दिवसांनी सकाळची वेळ मला मिळाली आणि मला वाटलं, काका माझ्या बाजूचे आहेत. त्या वेळेवर मी कारखाना उभा केला, घर बांधलं, मुलीचं शिक्षण केलं. अध्यक्षांचे ट्रक दुपारनंतर निघत. हळूहळू त्यांची शहरातली गिऱ्हाइकं सुटली, ते लांबच्या गावांना माल पाठवू लागले. मी चारचौघांत सांगत असे, "दादाला गिऱ्हाईक टिकवता येत नाही." या सभागृहात ते ऐकलेले बरेच जण आहेत.

गेल्या आठवड्यात मी काकांचे आभार मानायला त्यांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, काका, तुम्ही सकाळ मला दिलीत म्हणून मी तरलो. काका कपाट आवरत होते. ते थांबले, खुर्चीत बसले.

"मी कुठली देतोय? मी तर चिठ्ठ्या टाकणार होतो. तुझा भाऊ आदल्या संध्याकाळी आला. म्हणाला, सकाळ त्याला द्या, त्याला अजून जम बसवायचाय. माझं मी बघून घेईन. आणि हे त्याला कळता कामा नये."

मी विचारलं, मग आज का सांगताय? तर म्हणाले, "शब्द खुर्चीपुरता होता. खुर्ची सुटली."

मंडळी, मला तिथे रडू आलं. काकूंनी पाणी दिलं. आणि त्यांनीच सांगितलं की माझी बायको आणि वहिनी यांचं बोलणं एक दिवसही बंद नव्हतं. म्हणजे या भांडणात खरोखर भांडत होतो तो मी एकटाच.

पण काकांचं बोलणं संपलं नव्हतं. मालकांनी ठरवलंय की यापुढे एका ओट्याचे गाळे एकाच करारात द्यायचे. आम्ही एकत्र घेतले नाहीत, तर दोघांपैकी एकाला जावं लागेल. आणि अध्यक्ष महोदय काकांना सांगून आले आहेत: "मी सोडतो. धाकट्याला दोन्ही द्या." कोणाला न सांगता. पुन्हा.

काका, तुमच्या निरोपाच्या भाषणात मी घरचं गाऱ्हाणं मांडलं, याबद्दल रागावू नका. तुमच्याविषयी याहून खरं मला काही बोलता आलं नसतं. तुम्ही आम्हाला जागा दिली हे तर आहेच, पण आमचा शेजार तुटू दिला नाहीत. तुम्हाला आणि काकूंना उदंड आयुष्य लाभो. हा समारंभ घडवून आणल्याबद्दल सचिवांचे, पाहुण्यांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. माझं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घालावं, ही विनंती सगळ्यांना, आणि व्यासपीठावरच्या एका माणसाला जरा जास्त.

दादा, गाळा सोडू नकोस. एकत्र घेऊ. करारात वर नाव तुझं.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी बोलल्यावर तुला काहीतरी बोलावं लागणार आहे. मी खाली बसतो.