सुपारी थुकली न्हाई, पडली

न्हाई सांगत, जावा! किती येळा सांगायचं? ह्या मुबारकचं काय जातंय, त्येला चहा खपवायचाय, येष्टीला उशीर झाला की माणसं धरून बाकड्यावर बसवायची आन् म्हणायचं, "ज्ञानूआबा, ते सुपारीचं सांगा की, पाव्हणं नवीन हायेत." आरं, मी काय करमणुकीचा फड हाय? येष्टी येळेवर येत न्हाई ह्यात माझा काय गुन्हा?... बरं, बसा. बसलाच हाय तर ऐका. पण आदी एक गोष्ट डोस्क्यात घाला आन् मग कप उचला. सुपारी म्या थुकली न्हाई. पडली. थुकणं येगळं, पडणं येगळं. गुंजवण्यापासनं पार पासलीपातुर लोक सांगत सुटल्यात, ज्ञानूनं नातीच्या सुपारीत भर बैठकीत सुपारी थुकली... थुकली न्हाई हो, पडली!

तुम्हाला सांगतो, मुळात दात ही माझी हौसच नव्हं. माझी कवळी व्हती चांगली. धरणाची मोजणी करायला सायेब आला तवा आमी लावणीला, गुडघाभर चिखलात, त्येला अशी शिवी घातली आतड्यापासनं, की शिवी गेली सायबाकडं आन् कवळी गेली खाचरात. सोमनाथनं, माझ्या ल्योकानं, सगळा चिखल हातानं चाळला. घावती कुठली? तितं अजून आंबेमोहोर पिकतोय, खालनं कवळी हसत आसंल.

मग ही नात, प्रेरणा, सोमनाथची थोरली. "आबा, माझ्या लग्नाच्या फोटोत तुम्ही तोंड मिटून बसणार का? पुण्यात आता पक्के दात बसवतात, हाडात." मी म्हणलं, हाडात? मी काय खाट हाय, इस्क्रू मारायला? पण जगापुढं माझं चालतं, त्या पोरीपुढं न्हाई. गेलो. डाक्टर कवळा, हातात रबरी मोजं, आवाज असा की बुजलेल्या वासराला चुचकारतोय, "आजोबा, दुखणार नाही, फक्त थोडं दाबल्यासारखं वाटेल." दाबल्यासारखं? बोअरवेलची गाडी लावली की हो तोंडात! गुंईईई... मी वाट बघतोय आता पाणी लागंल, मग लागंल. डाव्या जबड्यात, खाली, दोन इस्क्रू पिरगाळलं, वर टोपणं घातली, टाकं घातलं आन् म्हणला, झालं. मी बोटानं इचारलं, दात कुठाय? "दात नंतर, आजोबा. हाडानं स्क्रू धरला की मग. काही महिने लागतील." म्हंजी दातासाठी गेलो पुण्याला आन् आलो खिळं घिऊन!

वर बंदीहुकूम. "तंबाखू नाही, सुपारी नाही, भाकरी नाही, शेंगदाणे नाहीत, जोरात बोलायचं नाही. आणि थुंकायचं तर अजिबात नाही हं आजोबा, जखमेवरची रक्ताची गाठ सुटेल." ऐकलं का नीट? थुकायचं न्हाई! आख्ख्या येल्हे तालुक्यात थुकायची बंदी असल्याला माणूस एकच, आन् थुकल्याचा आळ कुणावर? त्येच्यावरच!

घरी आलो, भूल उतरली, आन् मग कळलं, दाबल्यासारखं कशाला म्हणत्यात. दुसऱ्या दिवशी गाल असा, डोळ्यातनं खाली बघितलं की मलाच दिसायचा. डाक्टर म्हणला बर्फानं शेका. गुंजवण्यात बर्फ? सोमनाथनं दुकानातनं नारंगी रंगाच्या गारीगारच्या कांड्या आणल्या, फडक्यात बांधून गालाला लावल्या, त्या इतळल्या आन् गाल झाला नारंगी. आतनं रगात साकळून जांभळा, वरनं नारंगी, हनवटीखाली पिवळा. शेजारची बनाबाई बघायला आली, "आगं बाई" म्हणली आन् उंबऱ्यातनंच माघारी गेली. जबडा आखडल्याला, बोटभर उघडंना. तोंडात धरून गळू द्यायला दिल्यालं औषध असं की त्येनं जिभंची चवच गेली, मीठ कळंना. आन् सगळ्यात वाईट काय? ओठ! खालचा डावा ओठ आन् हनवटी, मेल्यागत. कारभारणीनं डाक्टरला फोन लावला तर म्हणला नस दुखावलीय, येईल हळूहळू. पेज प्यायलो की ती हनवटीवरनं सदऱ्यात जायाची आन् मला पत्ता न्हाई. आमची कारभारीण शेजारी बसायची, पदरानं पुसायची, म्हणायची, "आवो, सांडतंय." मी डोळ्यानंच म्हणायचो, कुठं? ती दावायची, हितं. माझा ओठ, आन् त्येची खबर मला दुसऱ्यानं द्यायची! हे ध्यानात ठेवा. ओठाला कळत न्हवतं हे कुणाला ठावं व्हतं? तिला.

आता खरी गोष्ट सांगतो. मी जल्मभर बोलत आलोय. बोलतोय म्हंजी वरडतोय. आमच्या घरात मी बोलतो आन् बाकीची भांडी घासत्यात. पण त्या चार दिसांत मी गप, डोक्याला फडकं, गालाला कांडी, भिताडाकडं तोंड. आन् घर बोलाय लागलं हो! मला ठावंच न्हवतं आमचं घर एवढं बोलतंय! सोमनाथ गुणगुणतोय, सून हसतीय... आयला, हिला हसाय येतं? पडल्या पडल्या ऐकत व्हतो. माणूस बोलायचा थांबला की लोकं त्येला बहिराबी समजत्यात.

तर चुलीपाशी कारभारीण म्हणती, "सोमनाथ, किकवीला निरोप धाड. डाक्टरनं ह्यांचं तोंड बंद केलंय, तवर ह्याच आठवड्यात सुपारी फोडून घिऊ." घ्या! किकवीचं स्थळ म्हंजी मानसिंगाचा पोरगा. मानसिंगाचं टायरचं दुकान, पार हायवेला खेटून. घर बघाय गेलो तवा ट्रक गेला की कपात चहा थरथरायचा. मी म्हणलं, हितं माझ्या नातीला झोप कशी लागायची? आन् आलो पोहं तसंच टाकून निघून. म्हणून आता हा डाव, माझ्या सूजंचा मुहूर्त! मी उठणार व्हतो, लाथंनं गारीगारचं पातेलं उडवणार व्हतो... तेवढ्यात प्रेरणा बोलली. बारीक आवाजात. "आजी, मला मुलगा आवडलाय गं. पण आबांना नको असेल तर मी नाही जायची. ते नुसते गप्प बसले म्हणजे हो झालं का? तोंडाने म्हणाले पाहिजेत."

मी तसाच पडून राह्यलो. ट्रकचा आवाज मी ऐकला व्हता, पोरीचा ऐकला न्हवता... घर एवढं भितं मला? मी काय वाघ हाय?

आली मंडळी. आता आमच्या भावकीची रीत ऐका. नुसती सुपारी फोडून भागत न्हाई. पोरीच्या घरातल्या थोरल्यानं खांड तोंडात टाकायचं आन् समद्यांसमोर चावायचं, कडाड् वाजलं पायजे. वाजलं की सोयरीक पक्की, मग गूळ. न वाजवता धरून बसला तर थोरल्याच्या मनात न्हाई. आन् भाईर काढलं, तर पाव्हण्यांनी पायात चपला घालायच्या. घरातल्यांनी माझं तोंड बंद व्हायाचा मुहूर्त धरला, पण खांड ह्याच तोंडात टाकायचंय, हे एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई!

बसलो जमखान्यावर. मानसिंग समोर, झुपकेदार मिशा. माझा नारंगी गाल बघून मिशीतनं म्हणतोय, "आबा रुसल्यागत दिसत्यात." सोमनाथ म्हणला, "तसं न्हाई, दाताचं केलंय त्यांनी." "हां, दाताचं! मग मागल्या खेपंला काय पोटाचं व्हतं?" आता मी काय बोलू? तोंडातनं नुसतं फ... फ... निघतंय. मी बोटानं गाल दावला, म्हणलं बघा की हितं सुजलंय. तर त्यो म्हणतो, "बघा, बघा, थोबाड फोडीन म्हणत्यात!"

खांड हातावर आलं. मी इचार केला, टाकू उजव्या अंगाला. पण उजव्या अंगाला माझी एक दाढ वर, एक खाली, आन् दोघींची गाठ पडत न्हाई, भाऊबंदकी हाय. म्हणलं, मग ठिऊ नुसतं गालात, तोंड हलवू. जिभंनं सारलं, ते आलं म्होरं, डाव्या ओठापाशी... आन् ओठ मेल्याला! मला वाटतंय तोंड मिटलंय, आन् ते हाय उघडं! खांड गेलं घरंगळत, हनवटीवरनं, सदऱ्यावरनं, टक्कन जमखान्यावर, मानसिंगाच्या गुडघ्याफुडं. थुकली न्हाई हो! पडली!

पण कोण ऐकतंय? मानसिंग उठला. "थुकली! भर बैठकीत थुकली! चला रं!" माणसं उठली. आन् आतल्या दारातनं आवाज आला, समद्यांना ऐकू जाईल असा, "मला ठावंच व्हतं! जल्माचा आडमुठा माणूस, नातीचं चांगलं बघवंना, थुकलीच शेवटी!"

आन् त्येच्या मागं प्रेरणा. डोक्यावर पदर, डोळं भरल्यालं, पण सरळ उभी. म्हणली, "राहू द्या. आबांच्या मनात नसेल तर नको."

तुम्हाला सांगतो, तवा मला काय झालं ते मला सांगता येत न्हाई. म्या ते खांड उचललं. पुसलंबी न्हाई. जबडा उघडंना तर दोन बोटांनी उघडला, आन् ठेवलं डाव्या अंगाला. हितं, बरूबर खिळ्यावर. वरची दाढ तिकडं शाबूत व्हती. डोळं मिटलं आन् चावलं.

कडाड्!

असं वाजलं, गोठ्यातली म्हस उठली. सुपारी मोडली का मी मोडलो, मलाबी कळंना. मानसिंग एक चप्पल पायात, एक हातात. मग त्योच म्हणला, "आबा... रगात." मी डोळ्यानंच म्हणलं, कुठं? ओठाला कुठं कळतंय! हनवटीवरनं सदऱ्यावर धार लागल्याली. प्रेरणा पळत आली, ओलं फडकं लावलं, म्हणती, "आबा, कुठल्या बाजूने चावलं? आबा, डाव्या नाही ना?" खिळं कुठल्या अंगाला ते तिला ठावं, पुण्याला तीच हात धरून बसल्याली. म्या तोंडात काय व्हतं ते गिळलं, थुकलो न्हाई, थुकायची बंदी! आन् चार दिसांनी पयला शबूद काढला. "गूळ वाटा."

पुढं काय, दोनातला एक खिळा हलाय लागला, पू झाला, डाक्टरनं काढला. "आजोबा, नेमकं काय खाल्लंत?" मी म्हणलं, गूळ. दुसऱ्यानं मातूर हाड धरलं. त्येच्यावर दात बसलाय, बघा, एकटाच, माळावरच्या खांबागत. पण त्यो बसला लग्नानंतर. फोटोत मी तोंड मिटूनच हाय. ओठाला आता कळतंय, थंडीत जरा मुंग्या येत्यात. पोरगी किकवीला सुखात हाय. म्हणती, आबा, ट्रकच्या आवाजात झोप छान लागते, आता हितं गुंजवण्यातच लागत न्हाई. घ्या!

माफी? समद्यांनी मागितली. मानसिंगानं तितंच पाय धरलं. सोमनाथनं मागितली. हा मुबारक, ज्येनं बातमी पासलीपातुर पोचवली, त्येनंबी मागितली, म्हणून तर मी हितं फुकट चहा पितोय. राह्यलं एकच माणूस. ज्येनं पदरानं माझा ओठ पुसला, ज्येला एकट्याला ठावं व्हतं की ओठाला कळत न्हाई, तेच म्हणलं, थुकली. आता रोज जेवण झालं की खलबत्ता घिऊन बसतंय, माझी सुपारी कुटतंय, पार पिठी करतंय, हातावर ठेवतंय, आन् बघतंय दुसरीकडं. मी इचारतो, काय म्हणायचंय का? तर म्हणतंय, "कात टाकू का?"

आली वाटतं येष्टी. उठा... कोण म्हणता? आता आमच्या वयाची माणसं ते नाव घेत न्हाईत. लग्नात घास भरवताना घेतलं, त्येवढंच. पण तुमी अनोळखी, कुठं सांगायला जाताय... ठकुबाई.