अकराचा धडा

नाही हो बाई, टॅब्लेट बिघडलेला नाही — तो कशाला खोटं बोलेल? सरावाची वेळ सकाळी अकरा दाखवतोय म्हणजे सकाळीच अकरा. — हो, अकराला नात शाळेत असते, तुमच्याच शाळेत, मला का माहीत नाही? बसा तरी. ऑफ तासाला धावत आलात, आणि असं उभ्या उभ्या विचारलंत की माझी जीभ अडखळते. तर झालं काय — चिमीने रोज दहा मिनिटं कीबोर्ड वाजवायचा, टॅब्लेटने ऐकायचं आणि तारे द्यायचे, हे तुम्हीच लावून दिलंत ना? पडद्यावर रंगीत ठोकळे खाली येतात, ते टेकायच्या आत पट्टी दाबायची. पोरगी वैतागली. एका बोटाने टोचायची, वर टॅब्लेटला जीभ दाखवायची. तर मी एकदा म्हटलं, आण इकडे, बघू तरी — बस्स, इतकंच. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा इतकंच.

अहो, तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलंय मी, खाली न बघता! तिसऱ्या आठवड्यात तो पठ्ठ्या ओरडला, "शाब्बास, छोट्या दोस्ता!" — हसू नका — मला रडूच आलं. लहानपणी शेजाऱ्यांकडे पियानो होता, मी त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर बोटं आपटत उभी राहायची. वडील म्हणाले, बोटं एवढी वळवळतात तर मोठी झाली की टायपिंगला घालू. घातलं की!

सून? तिला काय पत्ता! ती तारे मोजते आणि माहेरी फोन करते — पोरगी आमच्या वळणावर गेली म्हणे! मी मूग गिळून भाजी निवडते. चिमी फुटायची नाही, तिच्या वहीतली गणितं मीच — नाही, वहीचं राहू द्या. वही कुठून आली मध्येच?

काय? शनिवारी स्टेजवर? पहिलं नाव चिमीचं? अख्ख्या शाळेसमोर, एका बोटाने? — नको हो बाई, तिचं नाव काढा. खोडी माझी, फजिती पोरीची कशाला? सुनेला आजच सांगते. सांगते म्हटलं ना! फक्त ते खातं बंद करू नका. बाविसावा धडा अर्धा राहिलाय, डावा हात आत्ता कुठे ऐकायला लागलाय माझं. बंद केलंत तर मी अकरा वाजता करू काय?

अं? माझं वेगळं खातं? माझ्या नावाने? — घ्या, भरा मग, चष्मा सापडत नाहीये मला. नाव नको, नुसतं आजी लिहा. वय? पाच ते बाराच आहे होय त्यात? मग बारा — नाही, थांबा. सात करा. त्या खिडकीशी उभी होते तेव्हा सातचीच होते मी.

झालं? मग उठा बाई, चहा पुन्हा कधीतरी. अकराला दोनच मिनिटं आहेत.