शेपटीवरचा नंबर

चांगुलपणाने वागणाऱ्या माणसावर धड चिडताही येत नाही हो. जुन्या ब्रिटिश जेट विमानांचे फोटो काढायचे आणि ती कुठेकुठे उडाली ते शोधायचं, हे माझं वेड तुम्हाला माहीत आहेच. बंगळुरात पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या आवारात तसलं एक प्रवासी विमान पडून असल्याचं कळलं. शेपटीवर पुसट नंबर होता. त्याच्याशिवाय विमानाचा इतिहास कळत नाही. कारखान्याचे मालक बसवराजअण्णा आमच्या बेळगावकडचेच. त्यांना फोनवर बजावलं, "अण्णा, फोटो काढायला येतोय. आहे तसंच राहू द्या."

रविवारी जाऊन बघतो तर विमान पांढरंशुभ्र.

"तुम्ही फोटो काढणार, मग घाण कशी ठेवायची? घासून रंग दिला," अण्णा म्हणाले.

"आणि शेपटीवरचा नंबर?"

"तोपण घासला. नीट दिसतच नव्हता."

"अहो अण्णा, मी त्या नंबरासाठीच आलो होतो."

अण्णांचा चेहरा पडला. "सरी, स्वल्प थांबा," असं कानडीमिश्रित मराठीत म्हणत ते आत गेले आणि काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले.

"सांगा, कुठला नंबर घालू?"