कुंडी आणि कडेची भाजी

ताई : हळू बोल. आई आत जागी आहे.

भाऊ : असू दे. नक्षीदार कुंडीचं चित्र दाखवलं, म्हणाली 'जार्दिनिएर'. भाज्यांच्या ताटलीचं दाखवलं, तर पुन्हा 'जार्दिनिएर'. डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडे फुली मारली. म्हणाल्या, मेंदूच्या झटक्यानंतर एखादा शब्द अडकून बसतो.

ताई : आणि तू लगेच वृद्धाश्रमात खोली बघून आलास.

भाऊ : खिडकीची मिळाली. बाहेर बाग आहे.

ताई : तिला बाग नकोय, स्वतःचं घर हवंय.

भाऊ : घरी बघणार कोण? तू लांब, मी कायम फिरतीवर. शिवाय घराला गिऱ्हाईकही चालून आलंय.

ताई : चालून आलंय! आपल्या पायांनी! बरं, आई जन्मभर काय शिकवायची?

भाऊ : स्वयंपाक. हॉटेलच्या कॉलेजात.

ताई : फ्रेंच पद्धतीचा. म्हणून काल शब्दकोश उघडला. जार्दिनिएर म्हणजे शोभेची कुंडी. आतली साधी कुंडी झाकायची, बाहेरून नुसता थाट. आणि स्वयंपाकात, मुख्य पदार्थाच्या कडेला शोभेला मांडतात त्या चिरलेल्या भाज्या. दोन्हींना एकच शब्द. पैकीच्या पैकी मार्क आहेत तिला.

भाऊ : मग सरळ 'कुंडी' म्हणायला काय झालं होतं?

ताई : सरळ कधी बोललीय ती? तुझ्या बायकोचा पहिला केक खाऊन काय म्हणाली होती?

भाऊ : 'पाया मजबूत आहे.'

ताई : तीच बाई आहे ही, राजा. कुठे गेलेली नाही.

भाऊ : डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं?

ताई : तिच्यातलं, हो.

भाऊ : ठीक आहे. आत चल. मला ओळखलं, तर खोली रद्द करतो. गिऱ्हाईकालाही नाही म्हणून सांगतो.

ताई : शब्द?

भाऊ : शब्द.

(दोघं आत जातात. भाऊ खाटेच्या कडेला टेकतो.)

भाऊ : आई, इकडे बघ. मी कोण?

ताई : घाई नाही, आई. नीट बघ त्याच्याकडे.

भाऊ : चष्मा दे तिला.

ताई : घातलाय तिने.

आई : जार्दिनिएर.

भाऊ : ...ताई, तिसरा अर्थ असतो का गं?

ताई : नाही रे. दोनच आहेत. खोली रद्द कर.