साध्या पाण्याची कुंडी

...नाही हो, तुमची मुलगी खोटं नाही बोलली, बसा ना — ते स्टूल नको, डुगडुगतं, हे घ्या. आई म्हणून तुम्ही भांडायला येणारच. तर प्रश्न एवढाच होता — या तीन कुंड्यांपैकी कंट्रोल कोणती? हिला खत, हिला दुप्पट खत आणि ही कोपऱ्यातली, हिला नुसतं पाणी. जिला जादा काहीच द्यायचं नाही ती कंट्रोल — बाकीच्या दोघी किती वाढल्या ते हिच्याशी ताडून बघायचं. अख्ख्या वर्गाने हीच लिहिली. तुमच्या बाईसाहेबांनी लिहिलं, ‘आता कोणतीच नाही.’ मी मारली फुली. का म्हणजे? पुस्तकात तसं उत्तर नाही म्हणून!

हो, घरी सांगितलंच असेल तिने — मधल्या सुट्टीत गुपचूप हिच्यात चमचाभर खत घातलं. का, तर हिला कोणीच काही देत नाही. मग कंट्रोल उरली कुठे? उत्तर बरोबरच आहे — थांबा, मला बोलू द्या, दिवसभर ओरडून घसा बसलाय — मला ठाऊक होतं. या खिडकीतून पाहिलं मी तिला. एक हाक मारायची होती, नाही मारली. आता हेडमास्तरांना काय सांगू, माझ्या डोळ्यांदेखत प्रयोग नासला? म्हणून फुली.

का नाही मारली हाक? काय सांगू — आम्ही तिघं भावंडं, मी मधली. दादाला शिकवणी, धाकटीला शिकवणी, आणि आई म्हणायची, ‘हिला काही लागत नाही.’ उपाशी नाही ठेवलं हं! वेळच्या वेळी सगळं. दादा कुठल्या कुठे पोचला म्हणतात — कुठून निघाला ते मोजायला मी होतेच की घरात. अजून आहे. आई माझ्याकडेच असते. काल डॉक्टरांना कौतुक सांगत होती, मुलगा असा, मुलगी तशी. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ह्या कोण? तर म्हणाली, ही होय, ही घरातलीच.

खडू गेला डोळ्यांत, दुसरं काही नाही. द्या तो पेपर. पूर्ण मार्क देते. हेडमास्तरांचं मी बघेन. आणि ही कुंडी न्या, तिला द्या. चमचाभरच घाल म्हणावं, जास्त झालं की मूळ जळतं — आणि काहीच नाही घातलं तरी... जगतं हो. जगतं.

या आता. दार ओढून घ्या.