साखर कोणाच्या उसाची?

मंडळी, सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. आज एकच प्रश्न विचारतो. हे माझं, ते त्याचं, असं आपण दिवसभर म्हणतो. पण 'माझं' हे कुठवर माझं राहतं? सांगा पाहू! ...नाही येत? बरं, मग केरबाची गोष्ट ऐका.

केरबा थोरला, शिदबा धाकटा. सख्खे भाऊ! रानं शेजारी, मधे बांध, दोन्हीकडे ऊस. एका उन्हाळ्यात पाण्याची पाळी केरबाची होती आणि पाट फोडून पाणी घेतलं शिदबानं. झालं! केरबा तडक देवळात गेला, पायरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "देवा, शिदबाच्या रानातला कण जरी या तोंडात गेला, तर तू मला इचार."

अकरा वर्षं झाली, मंडळी. पुतणीच्या लग्नात हा गडी अक्षता टाकून उपाशी घरी आला. भावजयीनं हरभऱ्याचा डहाळा धाडला, तो दारातूनच परत. शपथ म्हणजे शपथ! आणि दोन्ही वेळचा चहा मात्र कसा? तीन चमचे साखर, बशीत ओतून — फुर्रर्र! (पखवाजवाले, हसू नका. तुमचाही आवाज मला इथवर येतो.)

मग केरबाला नात झाली. बारसं ठरलं. केरबानं मनात घेतलं की बारशाला वाटायची साखर आपल्याच उसाची पाहिजे. ऊस कारखान्यावर निघाला तसा स्वारी ट्रॅक्टरवर चढली — काखेत रिकामी पिशवी! आपला ऊस ओळखू यावा म्हणून एका मोळीला तांबडी चिंधीही बांधली होती. आहे की नाही हुशार?

कारखान्यावर गाड्यांची रांग. पुढची गाडी कोणाची? शिदबाची! दोघांनी तोंडं फिरवली. शिदबाचा ऊस गव्हाणीत पडला, त्याच्यामागे लगेच केरबाचा. पट्टा चालला, सुऱ्या फिरल्या, रस निघाला. केरबा पिशवी घेऊन दुसऱ्या टोकाला उभा राहिला. तासाभरानं चिंधी सापडली — चिपाडाच्या ढिगावर, तिच्याही दशा झालेल्या.

तिथले केमिस्ट इंगवले भला माणूस. त्यांनी केरबाला हाताला धरून सगळं दाखवलं. रस एकाच टाकीत जातो, चुना घालून त्याची मळी काढतात, तो आटवतात, गरगर फिरवून दाणे वेगळे करतात. केरबा म्हणाला, हे सगळं बरोबर, पण माझी साखर कुठल्या पोत्यात पडली तेवढं सांगा.

"बाबा, एका चमच्यात कोणाकोणाचा ऊस आहे, ते मलासुद्धा सांगता यायचं नाही."

"म्होरल्या गाडीचा बी?"

"पुढच्या, मागच्या, सगळ्या गाड्यांचा."

"आन दिवाळीला आम्हाला देता, वर्सभर चहात घालतो, ती साखर?"

"तीच की ही."

केरबा तिथंच पायरीवर बसला. अकरा वर्षांचा चहा डोळ्यांपुढून गेला हो! पिशवी रिकामीच घरी आली.

त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा. पहिला घोट घेतला, आणि तोंड असं झालं! दुसऱ्या दिवशी अर्धा कप गोठ्यात ओतला. चौथ्या दिवशी कप खाली ठेवला आणि त्याला रडू आलं. चहासाठी नव्हे. इतकी वर्षं भावाचं गोड आपण रोज खाल्लं आणि मनात मात्र कडू तेवढंच जपलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

मग तो देवळात गेला. म्हणाला, "देवा, शपथ मी रोज दोनदा मोडली आन तू कायबी केलं न्हाईस. म्हणजे तू ती ऐकलीच नव्हतीस." आणि उठला तो थेट शिदबाच्या ओसरीवर! सगळं घर उभं राहिलं. केरबानं बारशाचं आवतण दिलं आणि भावजयीला म्हणाला, "गिरजा, चहा ठेव. साखर दांडगी घाल."

दोन कप आले. केरबानं घोट घेतला, गोडमिट्ट! शिदबाचा चहा मात्र भावजयीनं साखर घालायच्या आधीच वेगळा गाळला होता, आणि शिदबा तो सावकाश पितोय.

"मला साखर बंद हाय, दादा. डॉक्टरनं तोडली. दोन वर्सं झाली."

"मला कुणी सांगितलं न्हाई ते."

"कोण सांगणार?"

केरबानं शिदबाच्या कपाकडे पाहिलं. मग त्यानं आपला कप भावजयीकडे परत दिला. "गिरजा, मलाबी त्याच्यासारखाच दे." आणि मंडळी, जो चहा घरी चार दिवस घशाखाली उतरत नव्हता, तोच त्यानं बशीत ओतून, भावाला चिकटून बसून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. फुर्रर्र!

आता इथं प्रसादाची साखर वाटतील. ती कोणाच्या उसाची, मला विचारू नका. पण उजवीकडच्या खांबाला टेकून बसलेले एक, आणि दाराशी बसलेले दुसरे — नावं मी घेत नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहेत — तुम्ही प्रसाद एकमेकांच्या हातून घ्यायचा. डॉक्टरनं तोडायच्या आत घ्यायचा! तोवर कोणाच्याच हातावर दाणा पडणार नाही. हं, आधी कोण उठतंय? आम्ही सगळे थांबलोय.