अर्ध्या छताचं एस्टिमेट

छताच्या एस्टिमेटवरून तुमची घासाघीस चाललीच आहे, तर आमच्या बाबांचं ऐका. मी तेव्हा मॅट्रिकला होतो.

बाबा आणि धाकटा काका नागपुरात एकाच कवेलूच्या, म्हणजे कौलारू, छताखाली राहायचे, मध्ये फक्त भिंत. वाटणीवरून बिनसलं आणि सहा वर्षं दोघं बोलले नाहीत. दिवाळीनंतर काका अचानक गेला, तेव्हाही बाबा अंगणातच उभे राहिले, आत गेले नाहीत.

पावसाळ्याआधी बाबांनी कन्हानच्या रामाजी ठेकेदाराला बोलावलं. "फक्त आमच्या बाजूचं एस्टिमेट दे."

रामाजी शिडी चढलाच नाही. म्हणाला, "मास्तर, आता काय मोजू? मागच्या वर्षी तुमच्या भावानं पूर्ण छताचं एस्टिमेट करून घेतलं होतं. दोन्हीकडचं."

"दोन्हीकडचं? काहून?"

"मीबी तेच विचारलं. तर म्हणे, दादाकडचे लाकडं जास्त सडले. तो रामटेकच्या यात्रेले गेला की दोन दिवसांत सारं करून टाका. त्याले आधी सांगू नोका, नाही म्हणेल."

"मग?"

"मग दिवाळी झाली अन् तोच गेला. निरोप आलाच नाही."

बाबा शिडीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "तो कागद आहे का गा तुझ्याजवळ? तेच एस्टिमेट धर. आणि काम त्याच्या बाजूनं सुरू कर."

काकू तिच्या दारात उभी राहून ऐकत होती. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "एवढंच ऐकायले ते पाहिजे होते, भाऊजी."